विद्येचा याचक : आचार्य धर्मानंद कोसंबी

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा कुणाचं चरित्र द्यावं, यावर ग्रंथालय समितीच्या बैठकीत बराच खल झाला. बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीमाई, माता रमाई यांच्यावर दर वर्षी लेख असतात आणि ते असायलाच हवेत. त्यांच्या जोडीला आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांचं नाव सुचवलं तेव्हा दोन-तीन जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गोव्याचा सारस्वत ब्राह्मण, गांधीजींच्या आश्रमात देह ठेवलेला माणूस; त्याचं आपल्या स्मरणिकेत काय काम, असा सरळच प्रश्न आला. प्रश्न रास्त आहे. म्हणून नाव का सुचवलं ते आधी सांगतो.

आपल्या विहाराचं ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि एक वही. कोण काय नेतो आणि कधी परत आणतो, हे वहीत लिहिलेलं असतं. गेल्या काही वर्षांच्या नोंदी आम्ही चाळल्या. पोलीस भरती, तलाठी, बँक, स्पर्धा परीक्षा ही पुस्तकं सारखी फिरताहेत. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वर्षावासात न चुकता बाहेर जातं. आणि सगळ्यात खालच्या खणात नागरी लिपीतली पाली पुस्तकं आहेत, त्यांच्यापुढे एकही सही नाही. तेव्हा सूचना आली की हा खण रिकामा करावा आणि तिथे परीक्षेची पुस्तकं लावावीत. जे कुणी मागतच नाही ते जागा अडवून कशाला ठेवायचं? पोरांना अभ्यासाची पुस्तकं हवीत, ती गरज खरी आहे आणि आम्हीही ती नाकारत नाही. पण ही पाली पुस्तकं मुळात नागरी लिपीत आली कशी, ती कुणी मागितली होती, हे बघायला गेलो आणि कोसंबींपाशी येऊन पोचलो. या माणसाने जन्मभर एकच धंदा केला. विद्या मागितली, आणि जिथे कुणी मागत नव्हतं तिथे मागणारे उभे केले.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य. वडिलांचं नारळाचं कुळागर, घरची बेताची शेती. शाळा म्हणावी तशी नशिबी आलीच नाही. मराठी वाचता-लिहिता येत होतं तेवढंच. कुळागर सांभाळायचं, माडांना पाणी द्यायचं आणि सवड मिळाली की हाती लागेल ते मराठी पुस्तक वाचायचं. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालं, पत्नीचं नाव बाळाबाई. तुकारामांच्या गाथेचा ओढा होता. अशात ‘बालबोध’ नावाच्या मुलांच्या मासिकातलं बुद्धाचं छोटंसं चरित्र त्यांच्या वाचनात आलं. लहान मुलांसाठी लिहिलेली काही पानं, पण या तरुणाला त्यांनी घरात बसू दिलं नाही. बुद्धाने नेमकं काय सांगितलं ते मुळातून समजून घ्यायचं, हा एकच ध्यास लागला.

इथे थोडं थांबून आपल्या घरची गोष्ट आठवावी. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा दादा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते पुस्तक १८९८ सालचं, म्हणजे कोसंबी ज्या दिवसांत बुद्धाच्या वेडाने झपाटले होते त्याच दिवसांतलं. मराठीत बुद्धावर मिळणारी पुस्तकं तेव्हा बोटांवर मोजण्यासारखी होती. त्या मूठभर पुस्तकांतून दोन माणसं निघाली. एक साखवाळचा, एक परळच्या चाळीतला. किती प्रती खपल्या यावर पुस्तकाची किंमत ठरवायची असती तर हा हिशेब कधी जुळला नसता.

वडील १८९८ साली वारले. पुढच्या वर्षी पहिली मुलगी, माणिक, जन्मली. आणि १८९९ सरता सरता धर्मानंद घर सोडून पुण्याला गेले. पुण्यात त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गाठ घेतली. बुद्धाचा धम्म शिकायचा असेल तर आधी संस्कृत शिका, असा सल्ला मिळाला. मग उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करत १९०० साली ते काशीला पोचले. अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरण घोकायचं. जवळपास दोन वर्षं अशी गेली.

तिथून ते नेपाळला गेले. बुद्धाचा जन्म त्या भागातला, तेव्हा तिथे तरी धम्म शिकवणारे भेटतील अशी आशा होती. काठमांडूत ती फोल ठरली. बुद्धगयेला आले. तिथे कळलं की पाली शिकायची असेल तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जायला हवं. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. बुद्ध या मातीत जन्मला, याच मातीत पंचेचाळीस वर्षं चालला. पण त्याची शिकवण मुळातून वाचायची तर एका भारतीय माणसाला समुद्र ओलांडावा लागत होता. आपल्याकडे शेकडो वर्षं ती कुणी मागितलीच नाही. ज्यांच्या हाती पोथ्या होत्या त्यांना ती नको होती आणि ज्यांना तिची गरज होती त्यांच्या हाती अक्षरच पडू दिलं नव्हतं. मागणी संपली, पोथ्या नकलायचं थांबलं आणि नकला थांबल्या तशा पोथ्याही गेल्या.

१९०२ साली ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात दाखल झाले. हे विद्यापीठ हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली सुरू केलं होतं. इंग्रजी अमदानीत मिशनऱ्यांच्या शाळा वाढत होत्या, तेव्हा सिंहली बौद्ध उपासकांनी पैसा उभा केला आणि भिक्खूंसाठी स्वतःची विद्याशाळा उघडली. लोकांनी मागितली म्हणून ती झाली आणि चालली. कोसंबींनी तिथे चीवर घेतलं. पाली शिकायला आधी सिंहली लिपी शिकावी लागली, कारण पालीला स्वतःची लिपी नाही. लंकेत ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या अक्षरांत, सयामात सयामी अक्षरांत. इंग्लंडात ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली पाली टेक्स्ट सोसायटी काढली, त्या संस्थेचे ग्रंथ रोमन लिपीत निघू लागले, कारण ते मागवणारे युरोपातले पंडित होते. नागरी लिपी वाचणारा कुणी पाली मागत नव्हता, म्हणून नागरीत पाली जवळजवळ नव्हती. पुस्तकाची लिपीसुद्धा मागणारा ठरवतो, हे कोसंबींनी अंगावर भोगलं. एकच भाषा शिकायला त्यांना सिंहली, ब्रह्मी आणि रोमन अशा तीन लिप्या गिरवाव्या लागल्या.

लंकेत प्रकृती साथ देईना. ते मद्रासला आले. तिथे सिंगारवेलू आणि प्रा. लक्ष्मी नरसू ही मंडळी बौद्ध धम्माचं काम करत होती. याच नरसूंचं बौद्ध धम्मावरचं इंग्रजी पुस्तक १९०७ साली निघालं आणि बाबासाहेबांनी १९४८ साली ते पुन्हा छापून घेतलं, हे आपल्या पुष्कळ उपासकांना ठाऊक असेल. मद्रासहून ब्रह्मदेश, परत कुशीनारा, सारनाथ, बुद्धगया, पुन्हा ब्रह्मदेश. कधी पायी, कधी कुणी दिलेल्या तिकिटावर. या साऱ्या भटकंतीची हकिगत त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात लिहिली आहे. ते १९२४ साली पुस्तकरूपाने निघालं. इतकं साधं आणि खरं आत्मचरित्र मराठीत थोडं सापडेल. स्वतःची फजिती झाली तर तीही ते लपवत नाहीत.

१९०६ साली ते कलकत्त्याला आले. वंगभंगाचे दिवस होते. सरकारी शिक्षणावर बहिष्कार घालून बंगालने नॅशनल कॉलेज काढलं होतं. आपल्या देशाचं ज्ञान आपण शिकवू, अशी ती हवा होती. त्या हवेत पालीला जागा मिळाली आणि कोसंबी शिकवू लागले. चीवर उतरवलं, घरच्यांना सात वर्षांनी तोंड दाखवलं. पाठोपाठ आशुतोष मुखर्जी कुलगुरू असलेल्या कलकत्ता विद्यापीठातही ते पाली शिकवू लागले. सुखाची नोकरी होती. पण त्यांचा जीव तिथे रमेना. ज्यांच्या भाषेत आपण वाढलो त्या महाराष्ट्राला ही विद्या द्यायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

तेव्हा पुढे आले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. महाराष्ट्रात कुठेही राहा, महिना ५० रुपये देतो, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या, असा ठराव झाला. कलकत्त्याचा याहून कितीतरी मोठा पगार सोडून कोसंबींनी हे ५० रुपये पत्करले. सयाजीरावांची ही मागणी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्यांना पंडितांसाठी ग्रंथ नको होता, त्यांना रयतेला वाचता येईल असं मराठी पुस्तक हवं होतं. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे १९१० सालचं छोटं पुस्तक त्यांच्या बडोद्याच्या व्याख्यानांतून झालं. त्याच १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानात गावोगाव मोफत वाचनालयं सुरू केली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांकडे पाठवायची, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. आधी शाळा सक्तीची आणि मोफत केली, मग शिकलेला माणूस पुस्तक मागणार म्हणून वाचनालय. आणि याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. एका राजाने काय मागितलं, त्याने आपल्या समाजाचं किती भलं झालं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मुंबईत कोसंबींकडे अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स वुड्स पाली शिकले. त्यांच्या बोलावण्यावरून १९१० साली कोसंबी हार्वर्डला गेले. काम असं होतं. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाचव्या शतकातला थोर ग्रंथ. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने ताडपत्री पोथ्या जुळवून त्याचं संपादन आरंभलं होतं. लहानपणापासून पाठीच्या दुखण्याने अधू झालेला हा श्रीमंत माणूस. स्वतःच्या पैशाने त्याने हार्वर्डची प्राच्य ग्रंथमाला उभी करायला मदत केली आणि १८९९ साली काम अपुरं टाकून वारला. ते पुरं करायला माणूस हवा होता. जो मुलगा शाळा न शिकता कुळागरात माडांना पाणी घालत होता, तो आता हार्वर्डच्या ग्रंथालयात बसून पाठभेद लावू लागला.

पण तिथेही मागणाऱ्याचंच चालायचं. ग्रंथमालेचे संपादक प्रा. लॅनमन यांना दिवंगत वॉरन यांचं नाव राखायचं होतं. संपादक म्हणून पुस्तकावर कुणाचं नाव जावं यावरून खटके उडाले आणि १९१२ साली कोसंबी परत आले. १९१८ ते १९२२ पुन्हा गेले. १९२६ साली तिसऱ्यांदा गेले आणि १९२७ मध्ये काम एकदाचं संपवलं. १९३१-३२ साली आणखी एक फेरी झाली. आणि पुस्तक छापून आलं केव्हा? १९५० साली. वॉरन यांचं नाव संपादक म्हणून आणि कोसंबींचं ते सुधारून पुरं करणारे म्हणून. कोसंबींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. संशोधन पुरं झालं तरी ग्रंथ तेवीस वर्षं पडून राहतो, कारण त्याची घाई असलेलं माणूस तिथे कुणी नसतं.

कोसंबींनी मात्र वाट पाहिली नाही. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून १९४० साली त्यांनी तोच ‘विसुद्धिमग्ग’ नागरी लिपीत छापून घेतला. त्यावर पाली भाषेतच लिहिलेली त्यांची ‘दीपिका’ १९४३ साली सारनाथच्या महाबोधी सभेने काढली. एकाच माणसाचं काम, एकच ग्रंथ. हार्वर्डचा गेला रोमन लिपीत जगभरच्या विद्वानांकडे, मुंबईचा आला नागरीत आपल्याकडे.

मधल्या काळात १९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळावी म्हणून भांडारकरांनी खटपट केली होती. जागा मिळाली खरी, पण विषय कागदावर असणं निराळं आणि वर्गात पोरं बसणं निराळं. कोसंबींनी पोरं तयार केली. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे त्यांचे शिष्य. पुढे या भागवतांनीच मुंबई विद्यापीठासाठी नागरी लिपीत पाली ग्रंथ संपादित केले. शिष्य झाले म्हणून परीक्षा झाल्या, परीक्षा झाल्या म्हणून पाठ्यपुस्तकं लागली, पाठ्यपुस्तकं लागली म्हणून विद्यापीठाला छापावी लागली. वर्गात पहिली दोन पोरं बसवली नसती तर यातलं पुढचं काही झालं नसतं. गांधीजींनी काढलेल्या गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात, १९२९ साली रशियात लेनिनग्राडला, मग काशीला, जिथे बोलावणं येईल तिथे ते शिकवायला गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून अटकही करून घेतली.

आमच्या महिला मंडळातल्या भगिनींनी ‘निवेदन’ वाचलं तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती बाळाबाईंची. तान्ही पोर पदरात टाकून नवरा सात वर्षं निघून गेला, त्या बाईचं काय? उत्तर गोड नाही. सासर-माहेरच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. पुढे संसार झाला, चार मुलं झाली. माणिक अमेरिकेत शिकल्या. मुलगा दामोदर, म्हणजे डी. डी. कोसंबी, मोठे गणिती आणि इतिहासकार झाले. १९५६ सालच्या त्यांच्या ग्रंथाने भारताचा इतिहास लिहायची रीतच बदलली. तरी विद्येची ही किंमत कोसंबींइतकीच बाळाबाईंनी मोजली, आणि त्यांचं नाव कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाही. आपल्याला रमाई ठाऊक आहेत, म्हणून हे आपल्याला चटकन कळतं.

आता मुंबईची गोष्ट. १९३७ साली परळच्या गिरणगावात ‘बहुजन विहार’ उभा राहिला. पैसा जुगलकिशोर बिर्लांचा, नाव कोसंबींनी दिलेलं. बिर्ला हिंदू धर्माचे मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या पैशातून बौद्ध विहार बांधावा का, असं आज कुणी विचारील. पण कोसंबींचं धोरण जन्मभर एकच दिसतं. पैसा राजाचा असो, परदेशी विद्यापीठाचा असो की शेटजीचा, तो घ्यायचा आणि त्यातून वाचणारा गरीब माणूस गाठायचा. ते कामगारांत, अस्पृश्य मानलेल्या वस्तीत काही वर्षं राहिले. येवल्याची घोषणा १९३५ ची. त्यानंतर दोन वर्षांच्या आत परळमध्ये हा विहार उभा राहिला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि या दिवसांतच त्यांचा मोठा ग्रंथ तयार झाला. ‘भगवान बुद्ध’ १९४० आणि १९४१ साली दोन भागांत नागपूरहून निघाला. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडलं, ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा पाहिला नव्हता काय, असा प्रश्न साध्या माणसालाही पडतो. कोसंबींनी सर्वांत जुनी सुत्तं चाळली आणि ही कथा बाजूला ठेवली. सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताच्या आधाराने त्यांनी दाखवलं की माणसं एकमेकांविरुद्ध शस्त्र उचलतात, तडफडतात, हे पाहून सिद्धार्थाला वैराग्य आलं. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी ‘बोधिसत्त्व’ या नाटकात आणला. बाबासाहेबांनीही आपल्या महाग्रंथाच्या आरंभी हाच प्रश्न घेतला आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटा मांडला. दोघांच्या मांडणीत फरक आहे, बाबासाहेबांनी ती कितीतरी पुढे नेली. पण प्रश्न एकच. असा प्रश्न हार्वर्डच्या पाठभेदांतून निघत नाही. समोर गिरणीतला कामगार, शेतमजूर बसलेला असेल आणि तो विचारत असेल, तेव्हा संशोधकाला उत्तर शोधावं लागतं.

हे पुस्तक निघालं तेव्हा मराठीत त्याला गिऱ्हाईक किती असणार? पंडित, काही गांधीवादी, थोडे जिज्ञासू. मग १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी बुद्धाला शरण जाऊन घरची वाट धरली, आणि घरी गेल्यावर त्यांना पुस्तक हवं होतं. वंदना हवी, धम्मपद हवं, बुद्धाचं चरित्र हवं, तेही आपल्या भाषेत. मराठीने एवढी मोठी मागणी एका दिवसात पाहिली नसेल. भिक्खू जगदीश काश्यप यांनी नालंद्याहून १९५६ ते १९६१ या काळात नागरी लिपीतलं त्रिपिटक ४१ खंडांत काढलं. साहित्य अकादमीने ‘भगवान बुद्ध’ इतर भारतीय भाषांत नेलं. विद्यापीठांत पालीचे विभाग आले, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पुढे अट्ठकथांसह त्रिपिटक नागरीत छापलं. बाबासाहेबांनी स्वतः जमवलेला पाली शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ साली सोळाव्या खंडात काढला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. कोसंबी यातलं काहीच पाहायला राहिले नाहीत. पण मागणी आली तेव्हा मराठीत द्यायला काहीतरी तयार होतं, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

त्यांचा शेवट आम्हाला पटत नाही, तेही सांगून टाकतो. शरीर थकलं, आता दुसऱ्यावर भार कशाला, या विचाराने त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. जैन परंपरेतल्या पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांनी अभ्यास केला होता, त्याचा प्रभाव होता. गांधीजींनी एकदा परावृत्त केलं, पण मन फिरलं नाही. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. देश स्वतंत्र व्हायला दोन-सव्वादोन महिने उरले होते. भगवंतांनी मध्यम मार्ग सांगितला आणि त्यांचाच हा अभ्यासक असा गेला, याची चुटपुट लागून राहते. त्यांची नात डॉ. मीरा कोसंबी यांनी आजोबांचं लेखन इंग्रजीत आणलं, ते २०१० साली प्रसिद्ध झालं. त्यामुळे आता महाराष्ट्राबाहेरची माणसंही त्यांना वाचतात.

जाण्यापूर्वी त्यांनी पुतळा मागितला नाही की समाधी मागितली नाही. आपल्या मागे पाली शिकायला विद्यार्थी सिंहलद्वीपाला पाठवावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

खालच्या खणाचा निर्णय समितीने वर्षावास संपेपर्यंत पुढे ढकलला आहे. तोवर दर रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर विहारात पालीचा वर्ग घ्यायचं ठरलं आहे. त्रिसरण आणि पंचशील आपण रोज म्हणतो, त्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ लावण्यापासून सुरुवात होईल. वयाची अट नाही, फी नाही. आजी-आजोबांनीही यावं. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी तर जरूर यावं, एक तास गेला म्हणून भरती हुकत नाही. ज्यांना यायचं आहे त्यांनी ग्रंथालयाच्या वहीत मागच्या पानावर नाव लिहावं. हा मजकूर छापायला जाईपर्यंत सात नावं आली आहेत, त्यांतली पाच भगिनींची आहेत.